'अंमलदार'चा मूळ धनी : निकोलाय गोगोल

पु. ल. देशपांडे यांचे 'अंमलदार' हे नाटक १९५२ सालचे. ते एका रशियन नाटकाचे रूपांतर आहे, एवढे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. पण त्या मूळ नाटकाचा धनी कोण, तो कसा जगला आणि कसा मेला, असे विचारले तर उत्तर देणारे थोडेच भेटतील. रूपांतर जितके चांगले तितका मूळ लेखक पडद्याआड जातो, हा रूपांतराच्या कलेचाच गुण म्हणावा लागेल. तरीही ज्याच्या हसण्यावर आपण इतकी वर्षे हसत आलो, त्याची ओळख करून घेणे हे वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे. त्या लेखकाचे नाव निकोलाय वासिल्येविच गोगोल.

गोगोलचा जन्म १ एप्रिल १८०९ रोजी पोल्टाव्हा प्रांतातील सोरोचिन्त्सी या गावी झाला. हा मुलूख आज युक्रेनमध्ये आहे. त्या काळी तो रशियन साम्राज्याचा भाग होता. घर लहानशा जमीनदाराचे. वडील वासिली हे हौशी नाटककार. एका धनिक नातेवाईकाच्या वाड्यात खाजगी रंगमंच होता, त्याच्यासाठी ते युक्रेनी भाषेत प्रहसने लिहीत. आई मारिया अत्यंत भाविक. पाप, नरक आणि शेवटचा न्याय यांच्या गोष्टी मुलाने तिच्याच तोंडून ऐकल्या. बापाकडून हसणे आणि आईकडून भय, अशी दुहेरी शिदोरी घेऊन हा मुलगा वाढला. पुढे त्याच्या आयुष्यात या दोहोंचे जे भांडण जुंपले, त्याची मुळे या घरात आहेत.

घरची बोली एक आणि सरकारदरबारची भाषा दुसरी, ही स्थिती मराठवाड्याला समजावून सांगावी लागत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरी मराठी होती आणि शाळा-कचेरीत उर्दू. गोगोलच्या भोवती युक्रेनी होती आणि लिहिण्याची, नोकरीची, मानाची भाषा रशियन होती. त्याने रशियनची वाट धरली. पण त्या रशियनमध्ये आपल्या मातीचा हेल, जत्रा, भुतेखेते आणि थट्टामस्करी असे सारे त्याने नेले. म्हणूनच आज दोन्ही देश त्याच्यावर हक्क सांगतात.

१८२१ ते १८२८ ही सात वर्षे तो निझिन येथील विद्यालयात होता. अभ्यासात बेताचा, पण शाळेच्या नाटकांत पटाईत. विशेषतः म्हाताऱ्या बायकांच्या भूमिका तो अशा वठवी की सभागृह हसून लोटपोट होई. १८२५ मध्ये वडील वारले. विद्यालय संपताच, १८२८ च्या डिसेंबरात, हा एकोणीस वर्षांचा तरुण मोठ्या आशा घेऊन राजधानी सेंट पीटर्सबर्गला निघाला.

राजधानीने त्याचे स्वागत केले नाही. एक दीर्घ काव्य त्याने टोपणनावाने स्वखर्चाने छापले. समीक्षकांनी त्याचे वाभाडे काढताच त्याने दुकानोदुकानी फिरून प्रती परत गोळा केल्या आणि जाळून टाकल्या. हे साल १८२९. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. आपले लिखाण स्वतःच्या हाताने आगीत घालण्याचा हा पहिला प्रसंग. शेवटचा प्रसंग पुढे यायचा आहे. त्यानंतर आईने गहाणाचे हप्ते भरण्यासाठी पाठविलेले पैसे घेऊन तो जहाजाने जर्मनीतील ल्यूबेकला निघून गेला आणि थोड्याच आठवड्यांत हात हलवीत परत आला. नट होण्याचा प्रयत्न केला, तो फसला. अखेर एका सरकारी खात्यात नकला करणारा कारकून म्हणून तो चिकटला.

ही कारकुनी जेमतेम दोन वर्षांचीच. पण मराठीत ज्याला अनुभवाचे भांडवल म्हणतात ते तिने त्याला जन्माचे पुरविले. पीटर द ग्रेट या झारने १७२२ साली सगळ्या सरकारी नोकरांची चौदा पायऱ्यांची एक उतरंड घालून दिली होती. माणूस किती शहाणा, किती भला, याला मोल नव्हते. तो कितव्या पायरीवर उभा आहे यावर त्याचे बोलणे, चालणे, कुणी त्याला बसायला सांगावे की नाही, हे सारे ठरे. गोगोलने ही उतरंड खालून पाहिली. उतरंड खालून पाहणाऱ्याला वरच्या मडक्याचे बूड दिसते, हे खरे.

दरम्यान तो आईला पत्रे लिहून गावाकडच्या लग्नाच्या चालीरीती, पोशाखांची नावे, भुताखेतांच्या कथा मागवीत होता. त्या सामग्रीतून 'दिकान्काजवळच्या मळ्यावरील संध्याकाळी' हा कथासंग्रह १८३१ आणि १८३२ मध्ये दोन भागांत निघाला आणि त्याचे नाव झाले. याच सुमारास, १८३१ मध्ये, महाकवी पुश्किनशी त्याचा परिचय झाला. १८३४ मध्ये त्याला विद्यापीठात जागतिक इतिहासाची अध्यापकी मिळाली. पहिली व्याख्याने रंगली. पुढे मात्र प्राध्यापकमहाशयांची तयारी संपली, तास चुकू लागले. समोर बसणाऱ्या विद्यार्थ्यांत पुढे प्रख्यात झालेला तुर्गेनेव्ह होता. १८३५ अखेर ही नोकरी सुटली. आपल्या गुरुजन वाचकांनी येथे गालातल्या गालात हसावे, हरकत नाही.

त्याच १८३५ च्या ऑक्टोबरात गोगोलने पुश्किनला पत्र लिहून एखादे अस्सल रशियन कथानक मागितले. पुश्किनने ते दिले असे मानतात. एकदा प्रवासात खुद्द पुश्किनलाच लोकांनी गुप्त तपासनीस समजून धास्ती घेतली होती, असेही सांगतात. दोन महिन्यांच्या आत नाटक लिहून झाले. त्याचे रशियन नाव 'रेविझोर', म्हणजे सरकारी तपासनीस.

कथानक साधे आहे. एका आडगावी राजधानीहून तपासनीस येणार, तोही वेष पालटून, अशी बातमी येते. गावाचा नगरप्रमुख हादरतो. न्यायाधीश लाच म्हणून शिकारी कुत्र्यांची पिल्ले घेतो आणि न्यायालयाच्या दारात बदके फिरत असतात. दवाखान्यातील रोगी औषधावाचून पडलेले असतात. टपालमास्तर हौसेखातर लोकांची पत्रे फोडून वाचतो. तेवढ्यात खाणावळीत एक तरुण उतरला आहे, पैसे देत नाही आणि गावही सोडत नाही, अशी वार्ता येते. हाच तो तपासनीस, असे सगळे धरून चालतात. वास्तविक तो ख्लेस्ताकोव्ह नावाचा चौदाव्या, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचा कारकून. पत्त्यांत पैसे घालवून अडकून पडलेला. लोक वाकतात तसा तो फुगतो. उसने म्हणून लाच घेतो. पॅरिसहून पातेल्यात सूप येते आणि सातशे रुबलांचे कलिंगड आपण खातो, अशा बाता मारतो. नगरप्रमुखाच्या बायकोशी आणि मुलीशी एकाच वेळी प्रेमाच्या गोष्टी करतो आणि वेळेवर पसार होतो. टपालमास्तर सवयीने त्याचे पत्र फोडतो आणि बिंग बाहेर पडते. सगळे कपाळ बडवीत असतानाच शिपाई वर्दी देतो की खरा तपासनीस आला आहे. पात्रे जागच्या जागी थिजतात आणि त्या मुक्या दृश्यावर पडदा पडतो.

या नाटकाची खरी किल्ली एका गोष्टीत आहे. ख्लेस्ताकोव्ह हा कसलेला लफंगा नाही. तो कुणाला फसवायला निघालेला नसतो. गावच त्याला तपासनीस बनविते. ज्याच्या मनात पाप, त्याला प्रत्येक पाहुणा फौजदार दिसतो. म्हणजे नाटकाचा नायक माणूस नसून भय आहे. गोगोलला हे इतके महत्त्वाचे वाटे की नटांनी ख्लेस्ताकोव्हला ठक म्हणून रंगवू नये याबद्दल तो पुन्हा पुन्हा बजावीत राहिला.

१८३६ च्या एप्रिलमध्ये पीटर्सबर्गच्या अलेक्झांड्रिन्स्की नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. खुद्द झार पहिला निकोलाय हजर होता. त्याच्याच परवानगीने नाटक रंगभूमीवर येऊ शकले होते. झार मनसोक्त हसला. दरबारी हसले. सगळ्यांत जास्त टोला आपल्यालाच बसला, असे झार म्हणाल्याची आख्यायिका आहे. प्रयोग यशस्वी झाला. मात्र लेखक दुःखी होऊन बाहेर पडला. नटांनी नाटकाचे निव्वळ प्रहसन करून टाकले होते. ख्लेस्ताकोव्ह नेहमीच्या ठशाचा थापाड्या झाला होता. शिवाय प्रेक्षकांत ज्यांना टोपी बसली ते चिडले आणि ज्यांना बसली नाही ते नुसते हसले. आपल्या नाटकाने रशियाचे डोळे उघडतील, अशी त्याची भाबडी अपेक्षा होती. दुसऱ्या दिवशी कचेऱ्या उघडल्या त्या नेहमीसारख्याच. मे महिन्यात मॉस्कोला श्चेप्किन या थोर नटाने नगरप्रमुख उभा केला. हा श्चेप्किन भूदासाच्या घरी जन्मलेला. पण तो प्रयोग पाहायलाही गोगोल गेला नाही. जूनमध्ये त्याने देश सोडला आणि पुढची बारा वर्षे बहुतांश परदेशात, विशेषतः रोममध्ये, काढली.

रोममध्ये बसून त्याने 'मृत आत्मे' ही कादंबरी लिहिली. तिचेही बीज पुश्किनचे. पण पुश्किन १८३७ मध्ये द्वंद्वयुद्धात मारला गेला आणि गोगोलचा मोठा आधार तुटला. त्या काळी रशियात जमीनदाराची श्रीमंती त्याच्याकडे भूदास किती, यावर मोजत आणि गणतीत प्रत्येक भूदासाला एक आत्मा म्हणत. दोन शिरगणतींच्या मध्ये जे मरत, ते कागदावर जिवंतच राहत आणि मालकाला त्यांचा कर भरावा लागे. चिचिकोव्ह नावाचा एक गोडबोल्या गृहस्थ गावोगाव फिरून हे मेलेले आत्मे स्वस्तात विकत घेतो. ते गहाण ठेवून कर्ज काढायचा त्याचा बेत असतो. मस्टरवर खोटी नावे चढविण्याच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना या युक्तीचे नवल वाटणार नाही. मॉस्कोच्या परीक्षणमंडळाने नावालाच हरकत घेतली. आत्मा अमर असताना तो मृत कसा, असा प्रश्न आला. शेवटी पीटर्सबर्गमध्ये परवानगी मिळाली आणि १८४२ मध्ये पुस्तक निघाले.

त्याच वर्षीच्या संकलित वाङ्मयात 'ओव्हरकोट' ही कथा आली. अकाकी अकाकियेविच हा नवव्या पायरीचा कारकून. नकला करणे हेच त्याचे जग. जुना कोट विरून चाळणी झालेला आणि पीटर्सबर्गची थंडी हाडे फोडणारी. ऐंशी रुबलांचा नवा कोट शिवायचा म्हणून तो रात्रीचा चहा सोडतो, दिवा लावीत नाही, चपलांचे तळ झिजू नयेत म्हणून चवड्यांवर चालतो. कोट येतो आणि पहिल्याच रात्री चोरीला जातो. दाद मागायला जातो, तिथे एक बडा अधिकारी त्याच्यावर असा कडाडतो की हा तापाने फणफणून मरतो. पुढे त्याचे भूत लोकांचे कोट ओढीत फिरते. आपल्याकडे कोटाचे दुःख कळणार नाही, असे कुणी म्हणेल. पण वैशाखाच्या उन्हात अनवाणी चालणाऱ्याला पहिली वहाण मिळावी आणि ती देवळाच्या पायरीवरून जावी, एवढी कल्पना केली की अकाकी आपल्या गल्लीतला होतो. मोठ्या माणसाच्या शोकांतिका पुष्कळ होत्या. एका क्षुद्र कारकुनाचे मरण वाचकाच्या जिवाला लावण्याचे काम या कथेने केले.

येथपर्यंतचा गोगोल हसविणारा आहे. पुढचा गोगोल हसणे सोडतो. 'मृत आत्मे'च्या पुढच्या भागांत आपण सुधारलेली, पुण्यशील माणसे दाखवायची आणि रशियाला मोक्षाचा मार्ग सांगायचा, असे त्याने घेतले. लबाड माणसे त्याच्या लेखणीतून आपोआप उतरत. सज्जन माणसे मात्र कागदावर उभीच राहीनात. याचा दोष त्याने आपल्या प्रतिभेला न देता आपल्या आत्म्याला दिला. आपण पापी आहोत म्हणून लेखन साधत नाही, असे त्याने ठरविले. १८४५ मध्ये दुसऱ्या भागाचा मसुदा त्याने जाळला. १८४७ मध्ये मित्रांना लिहिलेल्या पत्रांतील निवडक भागांचे पुस्तक काढून त्यात उपदेश केला. जमीनदाराने आणि भूदासाने आपापल्या जागी राहावे, राजा आणि धर्म यांचे ऐकावे, असा त्याचा सूर.

ज्या समीक्षकाने गोगोलला डोक्यावर घेतले होते, त्या बेलिन्स्कीला हे असह्य झाले. क्षयाने खंगलेल्या बेलिन्स्कीने परदेशातून त्याला एक जळजळीत पत्र लिहिले. ज्याने जुलमाचे सोंग उघडे पाडले, त्यानेच जुलमाची पाठराखण करावी, हा त्याचा संताप होता. ते पत्र छापणे अशक्य. हातोहात नकला होऊन ते रशियाभर फिरले. ते एका मंडळात वाचून दाखविले हा तरुण दोस्तोयव्हस्कीवरील आरोपांपैकी एक प्रमुख आरोप. १८४९ मध्ये त्याला त्यासाठी मृत्युदंड सुनावला गेला आणि वधस्तंभासमोर उभे केल्यावर शिक्षा बदलून सैबेरियात धाडले. एका लेखकाने आपली भूमिका बदलली की तिचा चटका कुठवर जातो, याचे हे उदाहरण.

१८४८ मध्ये गोगोल जेरुसलेमची यात्रा करून आला. मनाला शांती मिळाली नाही. अखेरची वर्षे मॉस्कोत एका स्नेह्याच्या घरी गेली. मात्वेय नावाच्या कर्मठ धर्मगुरूचा त्याच्यावर प्रभाव होता. १८५२ च्या फेब्रुवारीत उपवास सुरू झाले. एका रात्री त्याने दुसऱ्या भागाचे हस्तलिखित शेगडीत घातले. त्याचा पोरगा नोकर जवळ होता. तो विनवीत राहिला, पण उपयोग झाला नाही. कागद राख झाल्यावर गोगोल रडला, असे सांगतात. मग त्याने अन्न टाकले. वैद्यांनी नाकाला जळवा लावल्या, अंगावर गार पाणी ओतले. नव्या पंचांगाप्रमाणे ४ मार्च १८५२ रोजी तो गेला. वय अवघे बेचाळीस. त्याच्यावर मृत्युलेख छापला म्हणून एकेकाळचा विद्यार्थी तुर्गेनेव्ह महिनाभर कोठडीत गेला आणि नंतर आपल्या गावी स्थानबद्ध झाला.

मेल्यानंतर गोगोलचा प्रवास सुरू झाला आणि त्यातही त्याच्या नाटकासारखाच तोतयेपणा आहे. १८५४ मध्ये, क्रिमियाचे युद्ध चालू असताना, लंडनमध्ये रशियातील घरगुती जीवनावर एका रशियन उमरावाने लिहिलेले म्हणून एक पुस्तक निघाले. ते होते 'मृत आत्मे', लेखकाच्या नावाशिवाय! 'रेविझोर'च्या आरंभीच्या इंग्रजी भाषांतरांपैकी एक तर आपल्याच देशात झाले. मुंबई सनदी सेवेतील टी. हार्ट-डेव्हिस या अधिकाऱ्याने ते केले आणि १८९० च्या सुमारास कलकत्त्याच्या थॅकर, स्पिंक आणि कंपनीने प्रसिद्ध केले. साहेबाच्या दौऱ्याची भीती या देशात कशी असते, हे जवळून पाहणाऱ्या साहेबालाच हे नाटक भाषांतरावेसे वाटले, यात मौज आहे. पुढे १९२० च्या दशकात कॉन्स्टन्स गार्नेट या विदुषीने गोगोलचे वाङ्मय इंग्रजीत आणले. आयरिश कथाकार फ्रँक ओकॉनर याने १९६३ च्या आपल्या लघुकथाविषयक ग्रंथात आधुनिक कथेची सुरुवात 'ओव्हरकोट'पासून धरली. नाबोकोव्हने १९४४ मध्ये इंग्रजीत त्याच्यावर एक विलक्षण पुस्तक लिहिले. आणि झुंपा लाहिरी यांच्या २००३ मधील 'द नेमसेक' या कादंबरीत अमेरिकेतल्या बंगाली घरातील मुलाचे नावच गोगोल आहे.

मराठीत तो 'अंमलदार' होऊन आला. परक्या नाटकाला आपले कपडे घालण्याची आपली परंपरा जुनीच. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. पण 'अंमलदार'ची वेळ पाहण्यासारखी आहे. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान संपले आणि चारच वर्षांनी हे नाटक आले. तहसीलदार, गिरदावर, पेशकार, पटवारी आणि त्यांच्या डोक्यावर अव्वल तालुकदार, ही उतरंड मराठवाड्याने पाहिली होती. साहेबांचा दौरा निघाला की कुणाच्या घरचे दूध, कुणाची कोंबडी आणि कुणाची वेठ, हे नांदेड-लातूरकडच्या जुन्या माणसांना सांगायला लागत नसे. अशा मुलखात गोगोलच्या गावाला वेगळा नकाशा लागत नाही. उतरंडीतली नावे बदलली, भय तेच राहिले. आजही विद्यापीठाची समिती येणार म्हटले की भिंतींना रंग लागतो, ग्रंथालयातली धूळ झटकली जाते आणि कधी न दिसलेल्या नोंदवह्या टेबलावर येतात. समिती बिचारी चहा पिऊन जाते.

मग हसून काय झाले, हा प्रश्न उरतो. गोगोल याच प्रश्नाने पोखरला गेला. हसण्याने माणूस सुधारत नाही, असा निष्कर्ष काढून त्याने उपदेशाची वाट धरली. कालाने दिलेला निकाल उलटा आहे. त्याच्या उपदेशाचे पुस्तक आज अभ्यासकांपुरते उरले. कुत्र्याची पिल्ले घेणारा न्यायाधीश आणि पत्रे फोडणारा टपालमास्तर जगभर जिवंत आहेत. नाटकाने एकाही लाचखाऊची लाच थांबविली नसेल, हे मान्य. पण लाचखाऊला ओळखायला आणि त्याची भीती न बाळगायला त्याने प्रेक्षकांच्या पिढ्यांना शिकविले. भयाचे सगळे राज्य समोरच्याला मोठा मानण्यावर चालते. हसणारा माणूस त्याला क्षणभर तरी मोठा मानीत नाही. हे काम थोडे नव्हे. गोगोलला ते थोडे वाटले, ही त्याची शोकांतिका.

स्नेहसंमेलनात नाटक बसविणाऱ्या आपल्या मित्रांनी यातून एक गोष्ट उचलावी. विनोदी नाटक हाती आले की आपण तोंडे वेडीवाकडी करतो, आरडाओरडा वाढवितो, टाळी कुठे पडेल ते शोधतो. पीटर्सबर्गच्या नटांनी हेच केले आणि टाळ्याही मिळविल्या. पण त्या टाळ्यांच्या कडकडाटात नाटकाचा लेखक दुःखी होऊन बाहेर पडला होता. ख्लेस्ताकोव्ह करणाऱ्याने थापाड्या होऊ नये. भ्यालेल्या गावाने थापा मारायला लावलेला एक भुकेला पोरगा व्हावे. आणि नगरप्रमुख करणाऱ्याने खरोखर भ्यावे. मग पडद्याआधीच्या त्या मुक्या क्षणी प्रेक्षागृहही थोडे थिजेल. नाटकाचा धनी तेवढ्यासाठीच झुरत होता.